गाळावरची वसाहत

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्या तळ्यावर गर्दी असेल. दिवाळी झाली की सुरतेतून गाड्या निघतात. मांडीवर खमणाचा पुडा, गळ्यात नवी दुर्बीण. उत्तरेकडची बदकं उतरलेली असतात, पाणी काठोकाठ असतं, हवा बरी असते, आणि सगळ्यांना निसर्गाबद्दल प्रेम वाटत असतं. त्या दिवसांवर लिहायला पुष्कळ लोक आहेत. मी उन्हाळ्यावर लिहिणार आहे, कारण उन्हाळ्यात तिथे माझ्याशिवाय कोणी नसतं.

मी त्या तळ्याची निरीक्षक आहे. चलथाण ओलांडून आत गेलं की उसाच्या मधोमध ते लागतं. कागदावर त्याला लांबलचक नाव आणि 'राखीव पाणथळ क्षेत्र' अशी शेपटी आहे, पण गावात सगळे त्याला 'मोटुं तळाव' म्हणतात. नोकरी कशी लागली, पगार किती, पुढे बढती आहे का, हे सगळं मी सांगणार नाही. लग्नाच्या बैठकीत ते विचारून झालेलं आहे.

बाहेरच्या माणसाने मला कामावर पाहिलं तर तो म्हणेल, ही बाई नुसती बसलेली आहे. त्याचं बरोबर आहे. बांधावर बांबू आणि गोणपाटाचा एक आडोसा आहे. तळ्याच्या बाजूला डोळ्याच्या उंचीवर एक फट, मागच्या बाजूला कालव्याकडे उघडणारी एक खिडकी, आत एक बाक. तिपाईवरची दुर्बीण फटीला लावून मी बसते. सकाळी दिसतं ते स्वच्छ दिसतं. ऊन चढलं की गाळावरची हवा थरथरायला लागते, पक्ष्यांचे पाय तुटून हवेत तरंगायला लागतात आणि पाहण्यात अर्थ उरत नाही. तरी उठायचं नसतं. दुपारी मी पाहत नाही, राखते.

उन्हाळ्यात तळं आत आत सरकतं. काठ उघडे पडतात, गाळाला भेगा जातात, म्हशींच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे होतात. पाहुणी पाखरं केव्हाच गेलेली असतात. उरतात ती इथली. टिटवी, पाणकोंबडी, कमळपक्षी आणि शेकाट्या. परदेशी पाखरू आलं की आमचं शहर त्याचे फोटो छापतं. परगावचं माणूस आलं की त्याला लिंबायतच्या चाळीत एक खोली मिळते, तीही चौघांत. मी स्वतः अशाच खोलीतली, खानदेशातून आलेल्यांची पोर. पण माझा जीव न जाणाऱ्या पाखरांवर आहे. का ते मला नीट सांगता येत नाही.

शेकाट्या काळापांढरा आणि किडकिडीत असतो. पाय इतके लांब आणि इतके लाल की दुसऱ्या कोणाचे आणून लावल्यासारखे दिसतात. तो उघड्या गाळावर घरटं करतो. घरटं म्हणजे काय, चार काड्या आणि एक खळगा. जागा चांगली असली तर दहापाच जोड्या जवळजवळ बसतात. आम्ही त्याला वसाहत म्हणतो. अंडी गाळाच्याच रंगाची, वर काळे डाग. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला, असं आपण शाळेत शिकतो. मे महिन्यात सुरतेच्या गाळावर तो सावली धरून बसलेला असतो. मधूनच पाण्यात जाऊन पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. भर दुपारी माणूस जवळ गेला, पक्षी उठला, आणि माणूस फोटो काढत उभा राहिला, तर तेवढ्या वेळात अंडी उकडतात. त्या माणसाने कशाला हातही लावलेला नसतो. तो घरी जाऊन अभिमानाने सांगतो की मी काही न बिघडवता पाहून आलो. आमच्या तळ्यावर दगड मारणाऱ्यांपेक्षा अशा सज्जनांनी जास्त नुकसान केलेलं आहे.

तेव्हा या कामाला गप्प माणूस लागतो. आणि मी वाढले पत्रकांच्या घरात.

माझे वडील, आबा, लूमचे म्हणजे यंत्रमागाचे कामगार. लिंबायतच्या आमच्या खोलीत देवाच्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. पाळीच्या तासांवर, पगारी सुट्टीवर, संडासाच्या नळावर. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही भाषांत. अक्षरओळख झाली ती त्यांच्यावरच. चौथीतल्या निबंधात मी 'माझा आवडता प्राणी: गाय' असं लिहून पुढे 'गायीच्या मालकांनो, जागे व्हा' असं लिहिलं होतं. आमच्या घरात गप्प बसणं हा एकच गुन्हा होता.

आबा ओरडूनच बोलत. लूमच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाचे कान जातात. धोट्यांचा तो खडखडाट आत जाऊन बसतो आणि माणूस जगाशी त्याच्यावरून बोलायला लागतो. पण कारखान्यात ते ओरडत नसत, कारण तिथे ओरडूनही ऐकू जात नाही. तिथे हाताने बोलायचं. कॉलरला बोट लावलं की शेठ आला, गप्प. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली की तार, म्हणजे धागा, तुटला, मशीन थांबव. तळहात हवेत गोल फिरवला की चालू कर. आणि मनगटावर टिचकी मारली की पाळी बदलली. लूम पाळी बदलताना थांबवत नाहीत. येणारा शेजारी येऊन उभा राहतो, मनगटावर टिचकी मारतो, म्हणजे, मी आलो, आता तू जा. मग जाणारा हात काढतो. लहानपणी मला या खुणा येत होत्या तशा आमच्या गल्लीतल्या सगळ्याच पोरांना येत होत्या. आम्ही परीक्षेत वापरायचो.

मी तळ्यावर नोकरी धरली तेव्हा आबा नाराज झाले. राग त्यांनी गुपचूप धरला असता तर बरं. त्यांनी तो सगळ्या चाळीला ऐकवला. "पाखरंसनी हवालदार व्हयनी मन्ही पोर," ते म्हणायचे. बमरोलीच्या कारखान्यांत माणसं भट्टीसारख्या शेडमध्ये उभी आहेत आणि ही सावलीत बसून पाखरांचे संसार बघते. मी उलट बोलायचे, ते ऐकू येत नाही म्हणायचे, आणि वाद त्यांनी जिंकलेला असायचा. आई गेल्यानंतर वाद तोडायलाही घरात कोणी नव्हतं. मी तळ्याजवळच्या गावात खोली घेतली.

तिथे मला एकटेपण म्हणजे काय ते कळलं. गावातली माणसं चांगली आहेत, ताक आणून देतात. पण दिवसचे दिवस मराठी शब्द कानावर पडत नाही, आणि भांडायला कोणी नाही. ज्याला भांडणाची सवय आहे त्याला शांतता फार टोचते. पहिल्या उन्हाळ्यात मला ती सोसली नाही. मी एक फलक रंगवून घेतला: 'थांबा! पुढे निराधार पक्ष्यांची घरटी आहेत. तुमचं एक पाऊल म्हणजे एक खून.' वाचून माणसं थांबली. मग, घरटी कुठे आहेत ते बघायला पुढे गेली. फलक मी स्वतः उपटला. तेव्हापासून विचारलं तर सांगते, इकडे काही नाही, गाळ आहे.

तरी उन्हाळ्यात क्वचित एखादा येतोच. एक साड्यांचा डिझाइनर यायचा, कापड मार्केटमधला. त्याला पक्ष्यांत रस नव्हता, रंगात होता. लाल चोचीच्या जांभळ्या पाणकोंबडीला दुर्बिणीतून पाहत तो कितीतरी वेळ बसला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, यह कलर रनिंग में चलेगा." पुढच्या वर्षी लिंबायतच्या बाजारात तो रंग मी खरोखरच टांगलेला पाहिला, लाल काठासकट. तो माणूस मला आवडला. तो बघायला आला, बघून गेला, आणि पूर्ण वेळ हलला नाही. दुसरे एक गृहस्थ नातवाच्या वाढदिवसाला फ्लेमिंगो दाखवायला आले होते. फ्लेमिंगो नाहीत म्हटल्यावर म्हणाले, मग गेट कशाला ठेवलंय.

पण मला सांगायचं आहे ते गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याचं.

त्या मे महिन्यात शेकाट्यांनी तळ्याच्या मधल्या उंचवट्यावर मोठी वसाहत केली. इतकी घरटी मी त्याआधी एका जागी पाहिली नव्हती. अंडी घालून बरेच दिवस झाले होते, पिलं फुटायला थोडाच अवकाश होता. आणि एका सकाळी छगनभाई सायकल टेकवून आडोशाच्या मागच्या खिडकीशी आले.

छगनभाई कालव्याच्या दारावरचे माणूस. कालव्यात पाणी आलं की उसाला त्याची पाळी मिळते, आणि शेवटच्या दारातून उरलेलं आमच्या तळ्यात पडतं. ते दार एका लोखंडी चक्राने वरखाली होतं, आणि ते चक्र छगनभाई फिरवतात. पाण्याची पाळी एरवी पिलं चालती झाल्यावर येते. त्या वर्षी ऊस करपत होता, म्हणून ती अलीकडे ओढली होती. पाणी परवा येणार, आणि नेहमीसारखं एकदम येणार, असं त्यांनी सांगितलं. उंचवटा किती उंच आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी वसाहतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी कचेरीत गेले. साहेब भले होते, त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. त्यांचं म्हणणं, पाळी ठरलेली आहे, खाली किती शेतकरी वाट पाहतायत, आणि पक्षी काय, पुन्हा अंडी घालतील. चुकीचं काही नव्हतं त्यात. उसाला पाणी हवंच होतं. त्या उसावर तोडणीला येणारी माणसंही माझ्याच मुलखातली होती. खोलीवर येऊन मी पत्रक लिहायला बसले आणि मथळ्यापुढे हात चालेना. कोणाविरुद्ध लिहू? साहेबाविरुद्ध? तहानलेल्या पिकाविरुद्ध? आणि लिहून वाटलं असतं, तरी ते वाचून चार चांगली माणसं घरटी वाचवायला भर दुपारी गाळात उतरली असती, आणि पाण्याआधी तीच वसाहत संपवून गेली असती. मला जे एकच हत्यार चालवता येतं ते इथे माझ्याच माणसांवर चालणार होतं.

त्या दिवशी मी आबांना कळवलं. आबांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून आमची पद्धत अशी होती की मी मोबाइलवर लिहायचे आणि ते वाचून फोन करून ओरडायचे. मी लिहिलं, पाणी येणार आहे, घरटी बुडणार आहेत, काय करू सुचत नाही. त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, हसले असतील.

दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या वेळी, बांधावरून आबा येताना दिसले. बसने चलथाणपर्यंत, तिथून छकडा रिक्षात. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल, आणि हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा. तिन्ही भाषांतलं पत्रक. मथळा होता, 'घर बुडवणाऱ्यांना जाब विचारा.' आबांना शेकाट्या म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पत्रकात त्यांनी सरळ 'गरीब पक्षी' लिहिलं होतं. रात्रपाळीच्या छापखान्यात बसून त्यांनी ते माझ्यासाठी काढून आणलं होतं, आणि ते मी त्यांना वाटू देऊ शकत नव्हते.

"काय शे वं अठे? निस्ता चिखल," आडोशाच्या दारातूनच ते त्यांच्या आवाजात म्हणाले, आणि जवळच्या टिटव्या किंचाळत उठल्या. मागोमाग वसाहतीतले शेकाटे उठले. खाली अंडी उघडी, वर ते ऊन. मला ओरडता येत नव्हतं, ओरडले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. माझं बोट कॉलरवर गेलं.

शेठ आला.

आबा जागच्या जागी गप्प झाले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती, पण ती खूण त्यांच्या पाठीच्या कण्यात होती. ते अलगद बाकावर बसले, गठ्ठा मांडीखाली घेतला आणि मान न हलवता डोळ्यांनीच विचारलं, कुठाय शेठ? मी फटीकडे दाखवलं.

पक्षी खाली बसले. मी दुर्बीण त्यांच्याकडे सरकवली. मग आम्ही बापलेक दुपारभर तिथे बसलो आणि एक शब्द न बोलता बोललो. माझ्या आयुष्यात आमचं इतकं लांब बोलणं कधी झालं नव्हतं. मी हातांनी सांगितलं की ते पोट भिजवून आणतायत. त्यांनी विचारलं, बाई की बुवा? मी सांगितलं, दोघंही, आळीपाळीने. ते हसले, खोटं वाटलं त्यांना. मग एक घरटं त्यांनी नजरेत धरून ठेवलं आणि दुर्बिणीवरून डोळा काढेनात. ओल्या पोटाचा एक पक्षी आला, बसलेल्याच्या शेजारी उभा राहिला. बसलेला लगेच उठला नाही. येणारा अगदी टेकला तेव्हा तो बाजूला झाला. अंड्यांवर ऊन पडलंच नाही.

आबांनी माझ्याकडे वळून मनगटावर टिचकी मारली.

बाहेर आल्यावर, बांधाच्या पलीकडे गेल्यावरच ते बोलले. पत्रकांचा गठ्ठा त्यांनी स्वतःच पिशवीत घातला होता. म्हणाले, "पानी थांबाव नही, पोरी. पन त्याले हळू ये सांगता ई." पाणी थांबणार नाही, पण हळू ये म्हणून सांगता येईल. मागणी मान्य होत नसली तर वेग कमी करून मागायचा, हे त्यांना कारखान्यानेच शिकवलं होतं. मशीन बंद करा म्हटलं तर मालक हसतो. गती उतरवा म्हटलं तर तो निदान विचार करतो.

आणि मी त्यांना सांगितलं, पाणी हळू आलं तर आशा आहे. शेकाट्याची एक रीत आहे. घरट्याखाली पाणी चढू लागलं की तो घरटं उंच करतो. काड्या, लव्हाळ्याचे तुकडे, शिंपले, गाळाची ढेकळं, जे चोचीला लागेल ते खाली सारतो आणि अंडी वर घेतो. पण त्याला वेळ लागतो. एकदम आलेल्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

छगनभाई कालव्याच्या दारापाशी विडी ओढत बसले होते. आबांनी आपली हिंदी आणि गुजराती मिसळून सगळं मांडलं, अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं. छगनभाई निमूट ऐकून म्हणाले, "काका, मारा हाथमां खाली चक्कर छे, पाणी नथी." हातात नुसतं चक्र आहे, पाणी नाही.

"चक्कर तो है ना?" आबा म्हणाले. "तो धीरे घुमाओ."

मग बराच वेळ हिशोब चालला. वरची उसाची दारं आधी पूर्ण उघडी ठेवली तर शेताला त्याचं पाणी पुरं मिळतं आणि खाली कमी जोराने येतं. शेवटचं दार थोडं थोडं उचलायचं. हुकूम मोडत नाही, कोणाचं पाणी कमी होत नाही. फक्त एक होतं: एरवी छगनभाई दार उचलून घरी जेवायला जातात, आता त्यांना दिवसभर उन्हात चक्रापाशी बसावं लागणार होतं. त्यांनी विचारलं, मला यात काय? आबा म्हणाले, तंबाखू, आणि मी सोबत बसतो. छगनभाईंनी डोकं हलवलं. आजवर मी पाहिलेला हा सगळ्यात स्वस्त करार.

आबा त्या रात्री माझ्या खोलीवर राहिले. झोपताना त्यांनी एवढंच विचारलं की आडोशात मोबाइलला रेंज येते का. मी नाही म्हटलं. त्यांनी हवेत दोन बोटं जुळवली आणि झटक्यात वेगळी केली. मला कळलं, उद्या खुणांनी बोलायचं.

सकाळी पाणी आलं. मी आडोशात, पुढच्या फटीला दुर्बीण. मागे, कालव्याच्या दारावर, छगनभाई आणि माझी छोटी दुर्बीण गळ्यात अडकवलेले आबा. पुढे बघायचं आणि मागच्या खिडकीतून हात दाखवायचा, एवढंच माझं काम.

पाणी जवळ येताना आवाज करत नाही. आधी भेगा काळ्या होतात, मग त्या चमकतात, मग त्या राहत नाहीत. सगळ्यात खालच्या कडेची घरटी पहिल्या झटक्यातच गेली. त्यांचे मालक पाण्यात उभे राहून खाली बघत राहिले. मी तिकडे बघायचं थांबवलं, कारण वरच्या घरट्यांत गडबड सुरू झाली होती. बसलेला पक्षी बसल्या बसल्या मान लांबवून काड्या ओढत होता. जोडीदार पाण्यात चालत, चोचीला लागेल ते उचलून खांद्यावरून मागे फेकत होता, फेकलेलं घरट्याला लागतंय की नाही हे न बघता. एका घरट्यात पाणी अंड्यांना टेकलं. मी मागे वळले आणि दोन बोटं झटकली.

तार तुटला.

आबांनी छगनभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. चक्र थांबलं. मी पुढे वळले. पक्षी काड्या सारत होता, उठत होता, पायांनी अंडी सरकवत होता, पुन्हा बसत होता. अंडी वर आली. मी तळहात गोल फिरवला. चक्र चाललं.

असं दिवसभर. ऊन माथ्यावर आलं तेव्हा गोणपाटाला वास सुटला आणि माझ्या डोळ्यांपुढे पक्षी आणि पाणी एक झाले. मी अंदाजाने थांबवत होते, अंदाजाने चालू करत होते. मागे पाहावं तर आबा तसेच उभे. ते एकदाही खाली बसलेले मला दिसले नाहीत. लूमवर बसायची सोय नसते, सवय नव्हती. मला एवढंच माहीत होतं की मी कधीही वळले तरी त्यांचा चेहरा माझ्या खिडकीकडे असणार. त्या एका दिवसापुरतं मी त्या तळ्यावर एकटी नव्हते.

ऊन कलल्यावर पाणी आपल्या रेषेला लागलं आणि छगनभाईंनी दार बंद केलं. उंचवटा नाहीसा झाला होता. त्याच्या जागी पाण्यात काड्यांचे छोटे छोटे ढीग होते, आणि काही ढिगांवर एकेक पक्षी बसलेला होता. सगळ्यांवर नव्हे. जवळजवळ निम्मी वसाहत गेली होती. आबा आडोशात आले, दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ पाहिलं. त्यांनी किती गेली ते विचारलं नाही. संपानंतर ते कधीच विचारत नसत.

पिलं चार दिवसांत फुटू लागली. कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी. तोवर आबा लिंबायतला परत गेले होते. मी लिहून कळवलं. त्यांचा फोन आला आणि ते ओरडून म्हणाले, बरं झालं. मग ते फोन बंद करायला विसरले. शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा, त्यांचा खोकला, हे सगळं मी ऐकत बसले.

ते पत्रक हे त्यांचं न वाटलेलं एकमेव पत्रक. मागची बाजू कोरी होती, चाळीतल्या पोरांनी त्यावर गणितं केली.

हिवाळ्यात, तळ्यावर गर्दीचे दिवस चालू असताना, आबा गेले. छाती आधीपासूनच भरलेली होती. लूमवर आयुष्य काढलेल्यांचं काय होतं यावर त्यांनीच पत्रक काढलं होतं, फार पूर्वी. तेव्हा ते वाचायला मी लहान होते, आणि नंतर पाठ असल्यामुळे वाचलं नाही. अंत्ययात्रेत कारखान्यातले जुने लोक आले होते. त्यांच्यापैकी एकाने चिता पेटताना स्वतःच्या मनगटावर हळूच टिचकी मारली. मी पाहिलं, तो मला पाहून दचकला.

या उन्हाळ्यात शेकाटे पुन्हा त्याच उंचवट्यावर बसले. पाण्याची पाळी याही वर्षी लवकर आली. वाटतं, आता दरवर्षी येईल. मी काही बोलायच्या आत छगनभाई आदल्या दिवशी येऊन म्हणाले, बेन, हुं बेसीश. मी बसेन. तंबाखू त्यांनीच आणली. सकाळपासून मी पुढे बघत होते आणि मागे हात दाखवत होते, तार तुटला, चालू कर, तार तुटला, चालू कर. या दोन खुणा आबांनी त्यांना त्या दिवशी शिकवल्या होत्या. त्या त्यांनी चोख पाळल्या. यंदा घरटी जास्त राहिली.

संध्याकाळी पाणी रेषेला लागलं. दार बंद झालं. ढिगांवर पक्षी स्थिर झाले, ऊन उतरलं होतं, हवा जराशी हलली. एक पक्षी दुसऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मी मागे वळले आणि काही विचार न करता मनगटावर टिचकी मारली.

छगनभाईंनी ती खूण कधी पाहिलेली नव्हती. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना वाटलं, मी वेळ विचारते आहे. दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "साडा छ!"

पाखरं उठली, एक फेरी मारली, आणि परत आपापल्या ढिगावर बसली.